पावणा कशाला ओ देतो

आबा, तुमच्या दहाव्याला कावळा शिवायला उशीर झाला, त्यात कावळ्याचा काही दोष नव्हता. बोका बसला होता.

तुमचं पोल्ट्रीचं शेड जिथं संपतं तिथून नदीपर्यंत उतार आहे. त्या उताराच्या तळाशी पिंड मांडले होते, तुमच्याच खाचरातल्या इंद्रायणी भाताचे. भावकी मागं सरली. सगळ्यांच्या माना वर. कावळे समोरच्या करंजावर येऊन बसलेले. आणि शेडमधून तो बोका, पावणा, उतरला. घाई नाही, काही नाही. पिंडांपासून दोन हातांवर पुढचे पाय पोटाखाली घेऊन बसला, जसा तुमच्या बाजेपाशी बसायचा. भाताला तोंड लावलं नाही. पण बोका बसलेला असताना कावळा खाली कशाला उतरेल? लांबूनच "ए पावण्या, हो बाजूला" झालं. कुणी खडा मारला. तो इंचभर हलला नाही.

"आबांची इच्छा ऱ्हायलीय कायतरी," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मग ते सुरू झालं.

तुमचा मुलगा विलास पुढं झाला. "आबा, भावकीत वाद घालणार न्हाई." कावळा नाही. "आबा, खाचरं इकणार न्हाई." नाही. कामशेतचे रशीदभाऊ बांधावर उभे होते. त्यांच्या मटणाच्या दुकानातली छाटण रोज सकाळी तुमच्या बादलीत पडायची, त्यामुळे घरचेच झालेले. ते तिथूनच म्हणाले, "अरे विलास, आबांच्या गिऱ्हाइकांचं बोल की!"

विलासदादानं एकदा सगळ्यांकडं पाहिलं. "आबा," तो म्हणाला, "मांजरांचं कायतरी करतो."

नेमकी त्याच वेळी तुमची सून, सुनंदावहिनी, पुढं गेली, पावण्याला पोटाखाली हात घालून उचललं आणि काखेत मारून शेडकडं चालू लागली. तिला वर स्वयंपाकाचं पडलं होतं. कावळा उतरला. सगळ्यांनी हात जोडले. "बघा," म्हणाले, "मांजरातच जीव आडकला व्हता."

मी हात जोडले नाहीत. मी हे मानत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्हीही फार मानत होतात असं नाही. पण तुम्हाला सांगायचं आहे ते दुसरंच. तो पावणा म्हटल्यावर उठत नाही, याचं गावाला नवल वाटलं. मला नाही वाटलं. त्याचं खरं नाव मला माहीत आहे. मी दहा पावलांवर उभी होते. एक हाक मारली असती तर कदाचित उठून आला असता. मारली नाही.

ज्यांच्या अंकासाठी मी हे लिहिते आहे त्यांनी सांगितलंय, आबांची माहिती दे. जन्म, शेती, कार्य. माहिती मी देणार नाही. तुम्ही स्वतः कुणाची माहिती कधी विचारली नाही, आणि आपलं सगळं भांडण त्यावरूनच होतं.

*

जेवणं उरकल्यावर विलासदादानं मला बाजूला घेतलं. सरळ माणूस आहे. म्हणाला, "ताई, मी इरोधात न्हाई. पण सकाळी कंपनीची गाडी मला उर्से टोलच्या तिकडं नेती, ती सांजंला आणून सोडती. सुनंदाच्या मागं घर हाय, खाचरं हायेत. बावीस मांजरं. कोण बघणार? तंबूवाले शेड मागत्यात, धरणाकडनं लोक येत्यात ना शनवार-रविवारचं, त्यांना. मी पावसाळाभर थांबतो. माणसं मिळाली तर ऱ्हाऊ दे मांजरं. न्हाई मिळाली तर मला बोल लावू नका."

मी म्हटलं, "तुम्ही कावळ्याला शब्द दिलाय."

"कायतरी करतो म्हणलो. कायतरी म्हंजे कायबी."

हा शब्द मी चांगला ओळखते. लोणावळ्यात कचऱ्यासाठी, डोंगर पोखरणाऱ्यांसाठी, दरीत फेकलेल्या बाटल्यांसाठी आम्ही पत्रकं घेऊन ज्या ज्या टेबलापुढं उभे राहिलो, त्या प्रत्येक टेबलानं आम्हाला "काहीतरी करू" म्हटलंय. पण टेबलाच्या मागं बसलेला माणूस असं कबूल करत नाही. विलासदादानं केलं.

जाताना तो म्हणाला, "तू एक पत्रक काड. माणसं मागायचं. पण ताई, त्ये मागल्यासारखं नगं."

मागल्यासारखं म्हणजे कुठल्यासारखं, हे मी विचारलं नाही.

*

दोन पत्रकं होती आबा. पहिल्याचं आठवून तुम्ही शेवटपर्यंत हसायचात.

मी तुमच्याकडं यायला लागून वर्षही झालं नव्हतं. तळेगावच्या डॉक्टरीणबाई तयार झाल्या होत्या, शेडमध्येच शिबिर घ्यायचं, जेवढी मांजरं तेवढ्यांची ऑपरेशनं. पत्रक माझं. मोठ्या अक्षरात छापलं: "मोफत निर्बीजीकरण शिबिर, वडिवळे." खाली सगळी शास्त्रीय माहिती, मुद्देसूद. मला फार अभिमान वाटला होता. उन्हाळ्याचा शेवट होता, रोपं टाकायच्या आधीचे दिवस, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. लोणावळ्यात आम्ही महिने ओळखतो ते पर्यटक कधी येतात त्यावरून.

सकाळी शेडच्या दारात माणसांची रांग. मी खूश. जवळ जाऊन बघते तर एकाही हातात मांजर नाही. प्रत्येकाच्या खांद्यावर भाताच्या बियाण्याची पिशवी.

पहिले आजोबा म्हणाले, "बाय, बियाला औषध हितंच लावून देत्यात न्हवं? आमी तीन पायली आणलंय."

मी समजावू लागले. निर्बीजीकरण म्हणजे बीजप्रक्रिया नव्हे, ते प्राण्यांचं असतं, प्रजनन रोखण्यासाठी... आजोबा माझ्याकडं बघत राहिले. मग तुम्ही बाजेवरून उठलात. "आरं नाना," तुम्ही म्हणालात, "हितं बी काडून घेत्यात. लावून न्हाई देत!"

सगळी रांग हसली. एक जण मागून म्हणाला, "मग आबा, तुमचा नंबर पयला का?" तुम्ही म्हणालात, "माजं कवाच उगवून मळून झालं, आता पेंढा ऱ्हायलाय." डॉक्टरीणबाई हातमोजे घालता घालता भिंतीकडं तोंड करून हसत होत्या. मी एकटी रागावलेली.

रांग मोडली नाही, हे मात्र खरं. तुम्ही त्यांना तिथंच सांगितलंत, "आता आलायसा तर घरला जावा आन् मांजरी घिऊन या. दरसाली पिल्लं पोत्यात घालून नदीपल्याड न्ह्यायची पाळी येणार न्हाई." निम्मे खरंच परत आले. बियाण्याच्या पिशव्या भिंतीला उभ्या आणि पिशव्यांच्या शेजारी टोपल्यांत मांजरी.

संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत, "तू ते कुणासाटी लिवलंस?"

"गावासाठी."

"गावाला कळलं न्हाई. डाक्टरला आधीच म्हाईत हाय. मग ऱ्हायलं कोण?"

त्यानंतर मी "मांजरीचं आपरेशन" असंच लिहीत आले. त्या दिवशी ज्यांच्या कानाची टोकं छाटली, ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून, त्यातली चार मांजरं अजून शेडमध्ये आहेत. बाकीची ज्यांची त्यांच्या घरी भाताच्या कणगीवर राखणीला गेली.

*

तुम्ही हे सगळं सुरू कसं केलंत असं कुणी विचारलं की तुम्ही चिडायचात. "मी काय चालू केलं न्हाई. कोंबड्या बंद झाल्या, ऱ्हायलेल्या खाद्याला उंदरं आली. उंदरं म्हणून मांजरं आली. मांजरं हायेत म्हणून लोक आणून सोडाय लागली. मी निस्तं दार लावलं न्हाई."

दाराशी टोमॅटोचा एक प्लॅस्टिकचा क्रेट, आत गोणपाट. ज्याला तोंड दाखवायचं नाही त्यानं त्यात ठेवून जावं. आणि ज्यानं तोंड दाखवलं त्याला एकच प्रश्न. कुठून आणलंत नाही, का आणलंत नाही, तुम्ही कोण नाही. "ह्ये कशाला ओ देतं?"

बस. कशाला ओ देतं. म्हणजे कुठल्या हाकेला वळतं.

मला सुरुवातीला वाटलं, ही तुमची युक्ती आहे. कारण येणारा प्रत्येक जण म्हणायचा, रस्त्यात सापडलं. आणि या प्रश्नाला सगळे फसायचे. ती गॉगलवाली बाई आठवते? मोठ्या गाडीतून आलेली, धरणाकडच्या बंगल्यातली. "इथे खाली रस्त्यात मिळालं, बिचारं." तुम्ही वही उघडलीत. "कशाला ओ देतं?" "मफिन," ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच कळलं. तुम्ही पेननं वहीत सावकाश लिहिलंत. मग क्रेटकडं वाकून म्हणालात, "मपीन." मांजरानं वर बघितलं. बाई गाडीत जाऊन बसली, पण गाडी बराच वेळ सुरू झाली नाही.

मी मोबाइल काढून गाडीचा नंबर टिपायला निघाले होते. तुम्ही माझ्या आणि गाडीच्या मध्ये येऊन उभे राहिलात.

"आबा, तिनं खोटं सांगितलं. सुट्टीपुरतं खेळणं म्हणून आणलं, सुट्टी संपली, टाकलं. तुम्ही तिला विचारलंसुद्धा नाही."

"इचारलं की. नाव इचारलं."

"नावाचं काय करायचं?"

"मांजराला कळाय पायजे, कोण बोलवतंय त्ये. मानूस बदललं तर बदललं, नाव तेवढं तरी तेच असावं."

मी तेव्हा ते भाबडेपणात जमा केलं. तुमच्या बऱ्याच गोष्टी मी तिथंच जमा करायचे. तिथं जागा भरपूर होती.

*

दुसरं पत्रक. त्याबद्दल आपण दोघंही पुढं कधी धड बोललो नाही, तर आता मीच बोलते.

बंगलेवाल्यांचा माझा राग शिगेला पोचला होता. एका लांब सुट्टीनंतरच्या सोमवारी क्रेटमध्ये पाच पिल्लं. मी घरी जाऊन एका बैठकीत लिहून काढलं. "मांजर टाकणारा गुन्हेगार आहे. गुन्हेगाराला माफी नाही. इथे मांजर टाकणाऱ्याचा फोटो आणि गाडीचा नंबर कामशेतच्या चौकात लावला जाईल." लोणावळा स्टेशन, कामशेत बाजार, धरणाचा रस्ता, सगळीकडं वाटलं. हाच मजकूर पत्र्यावर रंगवून तुमच्या दाराला टांगला. वर एक मोडका कॅमेरा, नुसता दाखवायला.

क्रेट रिकामा राहायला लागला. आठवडा, दोन आठवडे, महिना. मी म्हणाले, "बघा आबा. पत्रकाचा परिणाम." तुम्ही "हं" म्हणालात. रशीदभाऊ तेव्हा बादली घेऊन आले होते. ते म्हणाले, "आबा, तुमचं गिऱ्हाईक तोडलं हिनं." मला ती शाबासकी वाटली.

मग एका दुपारी विलासदादा कंपनीतून लवकर आला. हातात गोण. टोलनाक्याच्या अलीकडं, गाड्या थांबायला सुरुवात होते तिथं, कठड्याला लागून पडली होती. सुतळीनं तोंड बांधलेलं. हलत होती म्हणून त्यानं कंपनीची गाडी थांबवायला लावली. आत तीन पिल्लं होती. दोघांचं काही उरलं नव्हतं. एक जिवंत होतं.

तुम्ही सवयीनं वही घेतलीत आणि सवयीनं विचारलंत, "कशाला ओ..." आणि थांबलात.

विलासदादा म्हणाला, "आबा, पोत्याला कोण नाव ठेवतं?"

तुम्ही वही मिटलीत. दाराशी गेलात, माझा पत्रा काढलात, आत आणलात, आणि जाळीच्या ज्या कोपऱ्यातून वारा येतो तिथं अक्षरं भिंतीकडं करून उभा केलात. त्याच्या आड ते पिल्लू ठेवलंत. मला एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर मला भांडता आलं असतं.

भांडण मी काढलंच. चार दिवसांनी. म्हटलं, "ती गोण माझ्यामुळं नाही पडली. गोण बांधणाऱ्यामुळं पडली."

"व्हय."

"मग माझा पत्रा का काढलात?"

"तू गुन्हेगार म्हणलीस. गुन्हेगार माज्या दारात कशाला यील? त्यो टोलकडं जाईल. तितं कुटं तुजा पत्रा हाय वाचायला?"

"म्हणजे त्यांना मोकळं सोडायचं? आबा, तुम्ही टाकणाऱ्यांची सोय करून देताय. हा क्रेट म्हणजे दुसरं काय आहे? या, टाका, जा. कुणी काही विचारणार नाही!"

"सोय करतो," तुम्ही म्हणालात. "मांजराची करतो. त्यांची आपोआप हुती."

मला अजून वाटतं की तुम्ही अर्धेच बरोबर होतात. ती सुतळी बांधणारा हात गुन्हेगाराचाच आहे, यावरून मी आजही हटलेली नाही, आणि तो सापडला तर मी तक्रार गुदरणार आहे. तुमची सगळी माया एका बाजूला ठेवून सांगते. पण त्या हातापर्यंत माझं पत्रक पोचलं नाही. पोचलं ते गॉगलवालीपर्यंत, आणि तिच्यासारख्या पन्नास जणांपर्यंत, ज्यांनी निदान तुमच्या दारापर्यंत यायचे कष्ट घेतले असते.

आणि ते माझ्यापर्यंत पोचायला हवं होतं. ते मीच लिहिलेलं असल्यामुळं मी ते वाचलं नाही.

*

आता ते सांगते.

मी तुमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सॅकमध्ये बोका होता. मी म्हणाले, लोणावळा स्टेशनवर सापडला. स्टेशनवर नाही सापडला आबा. तो आमच्या घरचा. माझे बाबा चिक्कीच्या कारखान्यात पाकाच्या कढईवर असतात. तिथल्या गुळाच्या ढेपांमागं मांजर व्यायली होती, त्यातलं एक त्यांनीच खिशात घालून आणलं. रंगानं ढेपेसारखा. चार वर्षं आमच्या दोन खोल्यांत, माझ्या पायथ्याशी झोपायचा. मी पत्रकं लिहायचे तेव्हा कागदावर बसायचा.

मग भावजयीला दिवस गेले. घरात ठरलं, बाळंतीण आणि मांजर एका घरात नको. ते तितकंसं खरं नाही, थोडी काळजी घेतली तर भागतं, डॉक्टर सांगतात तसं. हे मी नंतर एका पत्रकात लिहिलंसुद्धा, मुद्देसूद. घरात लिहिलं नाही. घरात बोललेही नाही. तहसीलदारापुढं आवाज चढवणारी मी, आईनं "तूच सोडून ये, तुझं ऐकतो तो" म्हटल्यावर सॅक घेतली. बाबा म्हणाले, चेन पूर्ण लाव, रस्ता दिसता कामा नये, नाहीतर परत येतो. मी चेन पूर्ण लावली. लोणावळा ते कामशेत लोकल, पुढं जीप. सबंध वाटेत तो एकदाच ओरडला. मी नाव घेऊन गप्प केला.

तुमच्या दारात सॅक उघडली. तुम्ही वही काढलीत. "कशाला ओ देतं?"

गॉगलवाली फसली. मी नाही फसले. मी म्हणाले, "भटका आहे आबा. त्याला कुठलं नाव?"

तो सॅकमधून उतरला, शेडमध्ये एक चक्कर मारली, आणि परत येऊन माझ्या सॅकमध्ये बसला. तुम्ही त्याच्याकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत. "बरं," म्हणालात. "नाव कळंस्तवर पावणा."

तीन वर्षं तो पावणाच राहिला. मी दर आठवड्याला येत राहिले, लोकांना सांगत राहिले की मी मांजरांसाठी काम करते. दर चार-दोन महिन्यांनी तुम्ही बाजेवरून सहज म्हणायचात, "काय पत्रकवाले, पावण्याचं नाव कळलं का?" मी हसून न्यायचे. एकदा म्हणालात, "त्याला तुजी पिशवी लय आवडती गं." मी म्हटलं, "आबा, मांजरांना कुठलीही पिशवी आवडते." तुम्ही म्हणालात, "व्हय, आसंल."

शेवटचे आलात... नाही, तुम्ही कुठं आलात, मीच आले होते. शेवटची. तुम्ही बाजेवर, अंगावर घोंगडी, पावणा पायथ्याशी. आवाज बारीक झाला होता. आपण बादलीबद्दल बोललो, जाळीबद्दल बोललो. मी निघाले तर मागून, "नाव कळलं का गं पावण्याचं?" मी चपला घालत होते. म्हणाले, "तुम्ही पण ना आबा." आणि जीप चुकेल म्हणून पळाले. जीप पाऊण तास सुटली नाही. मी तिच्यात बसून होते. परत चढून येता आलं असतं.

त्या आठवड्यात तुम्ही गेलात.

*

नवीन पत्रक लिहायला मला नऊ दिवस लागले. गुन्हेगारवालं एका बैठकीत झालं होतं. रविवारी सकाळी मसुदा घेऊन वडिवळ्याला गेले. सुनंदावहिनी शेडमध्ये भात आणि छाटण कालवत होती, पदर खोचलेला, पायांत मांजरंच मांजरं. मी म्हटलं, वाचून दाखवते. ती म्हणाली, "वाचा, हात भरल्यात माजे."

मी वाचलं:

"वडिवळ्याच्या शेडमध्ये आबा मांजरं सांभाळायचे. आबा गेले. मांजरं आहेत. आम्हाला माणसं पाहिजेत. आठवड्यातला एक दिवस, सकाळचा एक तास. कुणी भात शिजवून आणा, कुणी जाळी शिवा, कुणाची गाडी तळेगावला जात असेल तर एक टोपली डॉक्टरांकडं पोचवा. कणगीला राखण पाहिजे असेल तर मांजर घेऊन जा, आपरेशन झालेलं आहे. आणि ज्यांना मांजर ठेवणं जमत नाही त्यांनी ते टोलवर, घाटात, नदीपल्याड सोडू नये. इथं आणावं. कोण, कुठले, का, आम्ही विचारणार नाही. ते कशाला ओ देतं तेवढं सांगून जा. हे पत्रक लिहिणारीनंही एक आणून सोडलं आहे."

वहिनी कालवायची थांबली नाही. "ह्ये कळतंय," ती म्हणाली. "मागचं काय कळलं न्हवतं, निस्तं भ्या वाटलं व्हतं." मग म्हणाली, "माज्याकडं सकाळ धरा. रोजची. तशी बी मीच घालती. फकस्त सातबी दिस मला कोणतरी दुसरं मानूस सोबतीला दिसू दे."

"सोमवार आणि शुक्रवार माझे," मी म्हटलं. "रशीदभाऊ मंगळवार म्हणालेत."

"मंग चार ऱ्हायले."

"चार राहिले."

तिनं बादली खाली ठेवली, हात धुतले. पुसता पुसता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आन् तुमी आणलेलं कोणतं वो?"

मी बाजेकडं बघितलं. तुमच्या घोंगडीवर तो पसरला होता.

"आगं बाई," वहिनी म्हणाली. एवढंच. मग तुमचाच प्रश्न, तुमच्याच चालीवर. "कशाला ओ देतं?"

"गुळ्या," मी म्हणाले.

मला वाटलं होतं त्यापेक्षा हळू आवाज निघाला. त्यानं डोळे उघडले नाहीत. डावा कान, टोक छाटलेला, माझ्याकडं वळला आणि तसाच राहिला. उठला नाही. तीन वर्षांनी कुणी उठावं अशी अपेक्षाही नाही माझी. वहिनी म्हणाली, "ऐकलं त्यानं." मी म्हटलं, "हो."

तिनं खिळ्याला टांगलेली तुमची वही काढून दिली. मी ती कधी हातात घेतली नव्हती. पानभर तुमचं ते वाकडं, उभट अक्षर. नाव, कान कापला का, कुणाकडं दिलं. मपीन. काळी. वाघ्या. टोलवरचं वाचलेलं ते "सुतळी". सगळी निळ्या पेननं. एकच नाव शिसपेन्सिलीनं. "पावणा." तीन वर्षांत ते पुसट झालेलं, आणि एकदा तरी परत गिरवलेलं.

मी पेननं त्याच्यावर लिहिलं. गुळ्या.

मग आणणाऱ्याचं नाव लिहायला रकाना शोधला. तो तुम्ही आखलेलाच नाही आबा. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, कुठंच नाही. मीही आखला नाही. समासात जागा होती, तिथं माझं पूर्ण नाव लिहिलं.